बन्सीधरचा होकार

चारठाणा ते जिंतूर जीप चालवणारे बरेच होते, पण बायाबापड्या थांबायच्या त्या बन्सीधरच्या गाडीसाठी. एक तर तो गाडी जपून चालवायचा, आणि दुसरं म्हणजे जिंतूर येईस्तोवर त्याचं तोंड बंद नसायचं. कुणाच्या लेकीचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं त्याला ठाऊक. वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली की उतरायचा, बोनेटमध्ये डोकं घालून घटकाभर ऐकायचा आणि दोष सांगायचा. कधी चुकायचाही. मग स्वतःच हसायचा.

मागल्या पोळ्याच्या सुमारास त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. फक्त एक शब्द मागं राहिला, ‘व्हय’. भूक लागली तरी व्हय, जेवण नको असलं तरी व्हय. मनात नीट घडलेला शब्द ओठापर्यंत यायचा आणि बाहेर पडताना त्याचं ‘व्हय’ होऊन जायचं. त्याची बायको तानुबाई डोळ्यांकडं बघून अर्थ लावायची. बाकीच्यांना तेवढी सवड नव्हती.

जीप आता भावाचा मुलगा योगीराज चालवायचा. पोरगा गुणी, पण आजवर हात बसलेला ट्रॅक्टरवर. उन्हाळा लागला तशी जीप तापायला लागली. दर खेपेला काटा वर चढायचा, वाटेत थांबून पाणी ओतावं लागायचं. एका दुपारी तो गाडी थेट घरापुढं घेऊन आला, तेव्हा बोनेटच्या फटीतून वाफ निघत होती.

“काका, आता तुमीच बगा,” म्हणत त्यानं बन्सीधरची बाज ओढत लिंबाखाली, गाडीसमोर आणून ठेवली.

बन्सीधरला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याला कुणी काही विचारत होतं.

योगीराजनं बोनेट उघडलं. “पट्टा ठीक हाय. पंखा बी फिरायलाय. पाणी कुटं गळतंय असं न्हाई दिसत.” रेडिएटरच्या वरच्या पाइपाला बोट लावून त्यानं चटकन मागं घेतलं. मग खालचा पाइप चाचपला. “काका, वरला लय तापलाय, आन् खालचा गार हाय!”

बन्सीधरच्या ध्यानात आलं. पाणी फिरतच नव्हतं. पाणी सोडणारा आतला व्हॉल्व्ह अडकला असावा, नाहीतर रेडिएटरची जाळी चोंदली असावी. हे कसं सांगावं? त्यानं डावा हात उचलून रेडिएटरकडं दाखवलं आणि बोट गोल फिरवलं. पाणी, पाणी फिरत न्हाई, असं त्याला म्हणायचं होतं.

“पानी?” योगीराज म्हणाला. “पानी बगू म्हनता? टोपन काढू का?”

गाडी अजून आतून उकळत होती, गुडगुड बन्सीधरला बाजेवर ऐकू येत होती. नको! थांब! निवू दे! सगळा जीव त्यानं ओठांत आणला.

“व्हय,” तो म्हणाला. “व्हय! व्हय!”

जितका जोर लावला तितका तोच शब्द मोठा झाला. त्यानं हात जोरजोरानं हलवला. योगीराजला वाटलं, काका टोपण फिरव म्हणतायत. तानुबाई चुलीपुढून धावत आली. तिनं नवऱ्याचे डोळे बघितले आणि ओरडली, “आरं थांब!” तोवर योगीराजनं फडकं धरून टोपण पिळलं होतं.

कढत पाण्याचा फवारा उसळला. योगीराज हात छातीशी धरून धुळीत लोळला. शेजारच्या माणिकरावांनी त्याला मोटारसायकलवर घालून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. डोळे वाचले. पण कोपरापासून बोटांपर्यंत हात सोलवटला होता, गळ्यावरही भाजलं होतं.

जिंतूरहून मिस्त्री आला. व्हॉल्व्ह जाम झाला होता, आणि तशीच तापलेली गाडी पळवल्यानं इंजिनचं हेडही वाकलं होतं. तेवढा खर्च झेपणारा नव्हता, जीप पुन्हा जागची हलली नाही.

योगीराज चार दिवसांनी भेटायला आला, हात गळ्यात बांधलेला. “काका, तुमचा काय कसूर न्हाई,” तो बाजेशी बसून म्हणाला. “तुमाला आता समजत न्हाई. माजंच चुकलं, मी कशाला इचारलं तुमाला.”

तो मनापासून बोलत होता. राग असता तर बन्सीधरनं तो सोसला असता. समजतंय रे मला, सगळं समजतंय, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडायच्या आत तसंच मिटून घेतलं.

“आरं, ह्यांला समजतंय सगळं,” तानुबाई दारातून म्हणाली.

“व्हय काकू,” योगीराज तिचं मन राखत म्हणाला आणि उठला.

पुढं योगीराज पाथरीला दुसऱ्याच्या टेम्पोवर लागला. सणावाराला येतो, काकाच्या पाया पडतो, ख्यालीखुशाली मात्र काकूला विचारतो. बन्सीधर त्याच्या हातावरच्या पांढऱ्या डागांकडं बघत राहतो. कुणी काही विचारलं की तो मान भिंतीकडं वळवतो. तानुबाईशीसुद्धा ‘व्हय’ म्हणायचं त्यानं सोडून दिलंय.