शेवटची येईपर्यंत

आमच्या परळच्या कॉलेजला मैदान नव्हतं. क्रॉस कंट्रीच्या टीमसाठी होती ती जिन्याखालची एक खोली, तिथे नाटकाच्या जुन्या पडद्यांशेजारी पोत्यात भरलेले स्पाइकचे बूट, एक शिट्टी आणि निवृत्तीला टेकलेले सर. क्रॉस कंट्री म्हणजे माळरानावरची लांब शर्यत; तिला चढ लागतो, चिखल लागतो. चढ म्हणून आम्ही रेल्वेवरचा पूल वापरायचो. चिखलाची सोय रस्ते खोदणाऱ्यांनी बारा महिने केलेली होती.

रोज सकाळी आम्ही मुली वरळी सी फेसपर्यंत पळत जायचो. वाटेत नाके फार, म्हणून सरांनी एक नियम घातला होता. सगळ्यांत पुढच्या मुलीने नाक्यावर थांबायचं, हात वर करून गाड्या अडवायच्या, आणि शेवटची मुलगी पलीकडे पोचून 'आले' म्हणाली की मगच हलायचं. पुढे कायम बीडीडी चाळीत राहणारी माझी मैत्रीण असायची. शेवटची कायम मी. टॅक्सीवाले तिला वाट्टेल ते बोलायचे, पण माझं धापा टाकत 'आले' ऐकू येईपर्यंत तिचा हात खाली यायचा नाही. मग ती मला मागे टाकून पुन्हा दिसेनाशी व्हायची.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना प्राचार्यांनी सरांना सरळ सांगितलं, यंदा एक तरी मुलगी विद्यापीठाच्या संघात गेली पाहिजे; नाहीतर टीम बंद आणि खोली झेरॉक्सवाल्याला. आशा होती ती माझ्या मैत्रिणीकडूनच. माझा विचार कुणी केला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण टीम राहावी असं मला फार वाटत होतं. मला पळताना बघून न हसणारी माणसं मला तिथेच भेटली होती.

शर्यत उपनगरातल्या एका माळावर होती. वाट झाडीतून बाहेर येऊन एक डांबरी रस्ता ओलांडायची. आयोजकांनी तो दोन्हीकडून दोर बांधून गाड्यांना बंद केला होता. मी तेव्हा बरीच मागे होते, पुढचं सरांनी सांगितलं. निवड होईल इतकी ती पुढे होती. रस्ता आला आणि ती थांबली. हात वर करून, मागे वळून बघत उभी राहिली. दुसऱ्या कॉलेजांच्या मुली तिच्या शेजारून निघून गेल्या. सरांनी जोरात शिट्टी फुंकली तेव्हा कुठे ती हलली. एका जागेने तिची निवड हुकली.

सर रागावले नाहीत. नियम माझाच होता, एवढंच म्हणाले आणि बूट पोत्यात भरू लागले. राग मला आला होता, चांगला सणकून. परतताना दादरला उतरल्यावर मी तिला विचारलंच, की रिकाम्या रस्त्यावर कुणासाठी थांबलीस?

"थांबले सवयीने गं," ती म्हणाली. "पण मागे बघितलं तर तू कुठे दिसेचनास."



जिन्याखाली आता झेरॉक्स निघते. आम्ही दोघी अजून रविवारी वरळीपर्यंत पळतो. नाक्यावर ती हात वर करून उभी राहते, आणि मी पलीकडे पोचल्यावर 'आले' म्हणते, तिला नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.