उघड्या छातीचा काकाकुवा

कतारमध्ये, अल दुहैलमधल्या एका व्हिलाच्या मागच्या बाजूला मी भाड्याने राहते. एक खोली, मोरी आणि दोन माणसं एका वेळी उभी राहू शकणार नाहीत असं स्वयंपाकघर. अर्थात दुसरं माणूस आणायचं कुठून, हा प्रश्न आहेच. शाळा जवळ आहे, तिथे मी जीवशास्त्र शिकवते. दिवसभर बोलून घसा बसतो आणि घरी आल्यावर बोलायला कोणी नसतं. लग्न केलं नाही याचं मला दुःख नाही. पण संध्याकाळी एकाच कपाचा चहा टाकताना राग येतो, आणि तो कोणावर काढायचा हेही कळत नाही.

खिडकीसमोर मालकांचं अंगण, तिथे एक मोठा पिंजरा, आणि पिंजऱ्यात काकाकुवा. पांढराशुभ्र, कावळ्याहून चांगला थोराड, काळी जाड चोच. डोक्यावरचा पिवळा तुरा एरवी मागे चापून बसवलेला असे, दचकला की फटकन उभा राही. तो मालकांच्या आईचा. आजी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसत आणि गजांतून बोट घालून त्याचं डोकं खाजवत. त्या वारल्या, खुर्ची आत गेली, आणि हा आपल्याच छातीवरची पिसं उपटायला लागला. बघता बघता छाती उघडी पडली. बाजारातल्या सोललेल्या कोंबडीसारखं ते कातडं बघवत नसे.

मालक कतारी, साठीला आलेले, मोजकं बोलणारे. घरी कामाला येणाऱ्या लोकांकडून शिकलेलं त्यांचं हिंदी. एक दिवस म्हणाले, "टीचर, इसको क्या बीमारी है? तुम देखो. ये मेरा माँ का है." जीवशास्त्र शिकवणारी बाई म्हणजे डॉक्टरच, अशी त्यांची समजूत. मलाही तो मोठेपणा सोडवेना.

नाशिकला भावाकडे फोन केला तर वहिनी म्हणाली, "वन्सं, खोबरेल तेलात हळद कालवून लावा. दोन दिवसांत खपली धरते." आणि मी, विज्ञानाची पदवीधर, खरंच लावली. त्याने माझ्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवासारखा तो पिवळाधमक होऊन बसला होता. मालक बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "टीचर, ये वोही है?"

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. या पक्ष्याच्या अंगातून सतत पांढरी भुकटी झडते, तिनेच त्याची पिसं नीट राहतात, तेलाने सगळं चिकटून बसतं. कोमट पाण्याने धुवा, म्हणाले. कातडीला काही झालेलं नाही, पक्षी एकटा पडलाय.

मग मी वाचायला बसले, जे आधीच करायला हवं होतं. हे पक्षी ऑस्ट्रेलियातले. नदीकाठच्या उंच, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतात. मोठ्या थव्याने जमिनीवर उतरून बिया टिपतात, मुळं उकरतात, आणि तेवढा वेळ एखाददुसरा झाडावर पहारा देत बसतो. काही दिसलं की तो किंचाळतो आणि सगळा थवा उठतो. सांजावलं की झोपायच्या झाडावर सगळे जमून नुसता कल्ला करतात. जोडीतले दोघं एकमेकांच्या डोक्याची पिसं साफ करतात, कारण आपलीच चोच आपल्या डोक्याला पोचत नाही. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं आणि अंगणात गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी चहा घेऊन पिंजऱ्यापाशी बसायला लागले. मी बोट घातलं की तो मान खाली घालून डोकं पुढे करायचा. शेंगदाणा द्यावा तर डाव्या पायाने घ्यायचा. "अरे, उजव्याने घे," असं मी कितीदा तरी दटावलं, पण ही जात बहुधा डावरीच असते. अंधार पडताना तो कानठळ्या बसतील असा ओरडायचा, थव्याला हाक मारावी तसा. "आले रे, इथेच आहे," असं मी मराठीत म्हटलं की गप्प व्हायचा. माझ्या कुर्त्यावर ती पांढरी भुकटी असायची आणि मी ती झटकत नसे. कितीतरी वर्षांनी घरी लवकर जावंसं वाटत होतं.

छातीवर बारीक पिसं फुटायला लागली. मालक खूश झाले. म्हणाले, "टीचर, तुम रखो. पिंजरा तुम्हारा रूम में. तुम्हारा है अभी."

मला हवं होतं ते न मागता समोर आलं होतं. पण मी सकाळी निघायची ती दुपार उलटल्यावर यायची, आणि त्या वेळात पिंजऱ्याच्या तळाशी ताजी उपटलेली पिसं पडायची. पुढे उन्हाळ्याची सुट्टी, मी नाशिकला. मी त्याला पुरणार नव्हते. म्हटलं, "नहीं. इसको इसके जैसा चाहिए. अकेला नहीं." बोलले आणि त्याच क्षणी शब्द परत घ्यावेसे वाटले.

समैस्माला मालकांच्या चुलतभावाचं घर आहे. तिथे जाळीच्या मोठ्या खोलीत असेच काकाकुवे आहेत. त्याला तिकडे नेलं त्या दिवशी मी शाळेतून मुद्दाम उशिरा आले. रिकामं अंगण बघून पोटभर रडले.

सुट्टी संपवून परतल्यावर मालक स्वतःच म्हणाले, "यल्ला टीचर, देखने जाएगा." समैस्माला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, समुद्राकडून वारा येत होता. जाळीत पाच काकाकुवे होते. दोघं एकमेकांची डोकी साफ करत होते, बाकीचे खाली दाणे टिपत होते. पाचही पांढरेशुभ्र, पाचांच्याही छात्या पिसांनी गच्च भरलेल्या.

मी जाळीशी तोंड नेऊन म्हटलं, "आले रे." पाचही तुरे उभे राहिले आणि खाली बसले. कोणी पुढे आलं नाही. मी एकेकाकडे निरखून पाहिलं. काही केल्या मला ओळखता येईना.

मालक शेजारी येऊन उभे राहिले. तेही खूप वेळ बघत होते. मग मान न वळवता म्हणाले, "टीचर, मेरा माँ का कौनसा है?"

मी त्यातल्या एकाकडे बोट दाखवलं.