पाटलांच्या गळ्यातला झेंडू

काय सांगू तुम्हाला! एका धडधाकट माणसाची मयत मी एकट्याने, तीही एस.टी.तून, थेट त्याच्याच पुढ्यात नेऊन ठेवली आहे. आधी ऐका, मग हसा.

मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून मी तेव्हा लोणारला सुपडूभाऊ पेंटरच्या दुकानात पडलेला असायचो. शाळा का सोडली ते आमच्या हेडमास्तरांना विचारा, खोटंच सांगतील. एकूणच मोठ्या माणसांचं मला वावडं होतं. रात्रंदिवस शेजाऱ्याचा बांध कोरायचा आणि आम्हाला सचोटी शिकवायची! अपवाद एकच, सुपडूभाऊ.

या माणसाला चित्र कोणी शिकवलं? कोणी नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवता रंगवता हात बसला. माणसाचा चेहरा शिकायला ते न्हाव्याच्या दुकानासमोर जाऊन बसायचे. का? गालाला वस्तरा लागला की मोठ्यातला मोठा बडबड्याही हलत नाही! तेवढ्यात हे कोळशाने समोरच्या भिंतीवर त्याला उतरवून मोकळे. भिंतीचा मालक शिव्या देत चुना मारायचा, की सकाळी यांना कोरी भिंत तयार. हीच यांची चित्रशाळा.

दुकान मात्र चाललं ते मेलेल्यांवर. आमच्याकडे जिवंतपणी कोण कोणाचं तोंड रंगवून घेतो? म्हाताऱ्याचं तेरावं झालं की मग पोरांना त्याचा चेहरा आठवतो. आणि फोटो बहुतेकांचा नसायचाच. मग सुपडूभाऊ सगळी भावकी ओळीने बसवायचे. थोरल्याचं नाक, धाकट्याचे कान, आत्याची हनुवटी असं जुळवत असा काही म्हातारा उभा करायचे की त्याला पाहून सून डोक्यावरचा पदर सावरायची. ही माझी अतिशयोक्ती नाही. बाकीची आहे, ही नाही.

शेवटी चित्रातल्या गळ्यात हार. खरा हार सुकतो, रंगवलेला टिकतो, म्हणून तो लागायचाच. ते खातं माझं. माझ्या झेंडूला शेळीने तोंड घालावं, असा झेंडू!

सुपडूभाऊंना खंत एकच होती. म्हणायचे, "अख्खी भावकी समोर बसते बे, पण मेलेल्यासाठी. एखादा सोतासाठी बसंल का नाही?"

आणि एक दिवस ते काम आलं. सुलतानपूरचे आबाजी पाटील सरपंच झाले होते, ग्रामपंचायतीला नवी इमारत झाली होती, तिथे त्यांचं चित्र लागणार होतं. पाटलांनी गड्याबरोबर आपला एक फोटो पाठवला. हे सगळं मला नंतर कळलं बरं का! नजर लागेल म्हणून सुपडूभाऊंनी मला चकार शब्द सांगितला नव्हता. चित्र पुरं केलं, इमारतीवर पाटी रंगवायला ते आदल्या दिवशीच सुलतानपूरला गेले आणि जाताना एवढंच बोलले, "उद्या हे घेऊन ये. जपून आण. माह्या जल्माचं काम हाये."

मी चित्र पाहिलं. पांढरी मिशी, भारदस्त चेहरा, गळा मोकळा. म्हटलं, घाईत भाऊ हार सांगायचा विसरले! आता विचारायचं कोणाला? पण विचारतो कोण? मला सगळंच कळत होतं ना! सकाळी उठून मी असा भरगच्च हार काढला की पाटलांची बंडी दिसेना.

रंग ओला, म्हणून चित्र उघडंच घेऊन गाडीत बसलो. कंडक्टरने टोपी काढली. एका बाईने हात जोडले. आणि मागच्या बाकावरून पाटलांचे चुलतभाऊ किसनराव पुढे आले. बांधावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं.

"आबाजी? कवा गेले बे?"

मला काय माहीत? पण माहीत नाही म्हणणं माझ्या रक्तात नव्हतं. मी मान खाली घालून म्हणालो, "शांतपणे गेले."

किसनरावांनी गाडीत हंबरडा फोडला. बांध माझाच चुकला होता, आबाजी देवमाणूस होता, सगळं भडाभडा ओकले. सुलतानपूरला उतरेपर्यंत पुरी गाडी माझ्यामागे. वाटेत दुकानांच्या फळ्या लागल्या, माणसं जुळत गेली. सगळ्यात पुढे मी, छातीशी पाटील!

इमारतीपाशी पोचलो तर वाजंत्री चालू. आणि खुर्चीत गुलाबी फेटा, खांद्यावर केशरी उपरणं घातलेले साक्षात आबाजी पाटील!

वाजंत्री थांबली.

"कोण गेलं?" पाटलांनी विचारलं.

किसनरावांनी पाटलांना पाहिलं, डोळे पुसले आणि माझी मान धरली, "मंग मले काऊन रडवलं बे?"

पाटील चित्राजवळ आले. "पेंटर, माह्या गळ्यात हे काय हाये?"

सुपडूभाऊ शिडीवरून उतरले. चेहरा चुन्यासारखा पांढरा. जन्माचं काम सगळ्या गावासमोर मातीत गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग ते हळूच म्हणाले, "पाटील, जरा वेळ समोर बसता का? हालू नका."

आणि पाटील बसले! का बसले देव जाणे. सुपडूभाऊंनी चिंधीने झेंडू पुसला, उरलेला केशरी रंग कुंचल्याने खाली ओढला आणि बघता बघता हाराचं उपरणं झालं. पाटलांच्या खांद्यावर होतं, अगदी तेच, घडीसकट. मग डोळ्यांत दोन ठिपके दिले. फोटोवरून काढलेले डोळे आता समोरच्या माणसावरून जागे झाले. कोणी खोकलंही नाही. असा हात मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही.

पाटील उठून चित्रासमोर गेले, कितीतरी वेळ पाहत राहिले आणि आपसूक फेटा सारखा केला.

गर्दीतून किसनराव पुढे आले आणि त्यांनी खुर्ची अडवली. "पेंटर, आता माह्यं काढ. हार यायच्या आधी."

तेव्हापासून सुपडूभाऊंच्या दुकानात जिवंत माणसांची रांग लागली.

आणि मी? मी आजही सुलतानपूरच्या स्टँडवर उतरलो की पारावरचे म्हातारे मला पाहून एकदम खोकायला लागतात. मोठमोठ्याने. एखादा तर हात वर करून सांगतो, "हाओत रे बाबू, अजून हाओत. तू जाय घरी."