न आणलेल्या कुत्र्याचा खर्च

मुक्या प्राण्यांवरचं प्रेम पैशात मोजता येत नाही, असं मी एकदा व्यासपीठावरून सांगितलेलं आहे. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे निवृत्त हेडक्लार्क मात्र ते दरमहा मोजतात. रस्त्यावरच्या कुत्रीची पिल्लं तेच वाढवतात आणि तेच लोकांना देतात. बोलताना समोरच्याकडे पाहत नाहीत. मान खाली घालून पिल्लाच्या कानातल्या गोचिड्या काढत असतात.

मुलीसाठी मी एक पिल्लू मागितलं.

"अहो, घाई काय आहे? तीन महिने कुत्रं घरात आहे असं समजून चाला. खाणं, लशी, गोचिडीचं औषध, डॉक्टर. दर एक तारखेला तेवढे पैसे बाजूला काढा. मग या."

दोन महिने जमलं. तिसऱ्या महिन्यात फ्रिज बिघडला आणि ते पैसे तिकडे गेले. मी हे त्यांना हसत सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हणजे या महिन्यात कुत्रं उपाशी."

मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला मात्र त्यांचा राग येईना. अजून घरात न आलेल्या कुत्र्याच्याही पोटाची काळजी करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पिल्लू आमच्या इस्त्रीवाल्याला मिळालं. त्याने तिन्ही महिन्यांचे पैसे बाजूला काढले होते.