चित्राखालचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — घरीसुद्धा नाही. पण आधी माझी फजिती ऐका. नांदेडच्या परिसंवादाला म्हणून गेलो आणि शेजारच्या हॉलात जाऊन बसलो. तिथं बियाण्यांच्या दुकानदारांचा मेळावा. संकरित ज्वारीसाठी मी मनापासून टाळ्या वाजवत होतो, तेव्हा बायकोनं कोपर मारलं, "अहो, इथं चित्रं कुठायत?"

चित्रं पलीकडं होती. आमच्या जुन्या कलाशाळेनं मागं काय ठेवलं, यावर विद्वान बोलून राहिले होते. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात औसा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये ती शाळा भरायची. रंग कालवायला पाणी नाही, म्हणून सर म्हणाले, कोरड्या मातीनं काढा. काळी, पांढरी, गेरू — पोत्यावर घासायची. आणि एक नियम — चित्राखाली नाव घालायचं नाही. कुणी विचारलं, तरी काढणाऱ्यानं गप्प बसायचं. मी हा नियम लई कडक पाळायचो. माझं चित्र कुणाचं, असं कुणी विचारतच नव्हतं म्हणा!

चंद्रकला नांदेडकडच्या उमरीची. तिनं टँकरची वाट बघणाऱ्या बायका काढल्या होत्या — तोंडं नाहीतच, नुसत्या पाठी. एक दिवस नव्या कचेरीतले साहेब आले. सर गावात गेलेले, शेडमध्ये आम्ही दोघंच. साहेबांना नव्या शाळेसाठी चित्रकलेचा मास्तर हवा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ते त्या पाठींपुढं थांबले.

"कुणाचं हे?"

चंद्रकला गप्प राहिली. नियम होता ना.

आणि मी — मी म्हणालो, "माझं."

जीभ घसरली, असं कसं म्हणू? ती बोलली असती तरी साहेब पाटलाच्या पोराचं खरं धरतील की भीमनगरातल्या पोरीचं — हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. त्या भरवशावरच बोललो. नोकरी मला लागली. ती रोजगार हमीवर खडी फोडायला गेली.

परिसंवादात पडद्यावर तेच चित्र आलं. खाली माझं नाव. टाळ्या झाल्या. मी उठून हात जोडले — जोडलेच!

चहाच्या वेळी एक बाई पुढं आल्या. "ओळखलं का? चंद्रकला." मग म्हणाली, "चित्र बघून बरं वाटलं. म्या म्हनलं, कवाच फेकून दिलं असंल."

ना टोमणा, ना राग. बायकोनं कौतुकानं विचारलं, "तुम्ही पण होता शाळेत? काय काढायचात?"

चंद्रकला माझ्याकडं बघत राहिली. आता कोण अडवत होतं मला? साहेब होते? नोकरी जाणार होती? — आणि उत्तर मीच दिलं. "ह्या ना, रांगोळ्या छान काढायच्या."

"हाव," ती म्हणाली. कप खाली ठेवला आणि गेली. चहा तसाच होता.

लातूरच्या बसमध्ये बायकोनं खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "चित्र लई भारी होतं हो. तसलं परत एक बी का न्हाई काढलं तुम्ही?"