अण्णाचं काम

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज का सांगते आहे? ठाऊक नाही. थकले आहे, एवढंच.

बसवनगुडीतल्या आमच्या नात्यात एक रीत आहे – आजारी कुणीही असो, डॉक्टरांशी बोलायचं ते इंग्रजी येणाऱ्यानं. आमच्या घरात ती मी. म्हणून त्र्याण्णव साली थोरल्या भावाला, अण्णाला, छातीच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. तो स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

फुप्फुसाचा कॅन्सर. अण्णा रोज दोन बंडलं बिड्या ओढायचा, तेव्हा नवल कुणालाच वाटलं नाही. पण डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून थांबले. फुप्फुसांवरच्या आवरणावर, दोन्ही बाजूंना, जाड पांढरे चट्टे होते. हे बिडीनं होत नाही, म्हणाले. यांचं काम काय?

अण्णा बावीस वर्षं अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापत होता. संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी यायचा. वैनी त्याचा शर्ट दारात झटकायची. आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते – हेडक्लार्क व्हायच्या बेतात. डॉक्टर कारखान्याच्या धुळीचं लिहून देतील, युनियन तो कागद नाचवेल, साहेब विचारतील, डॉक्टरांना सांगितलं कुणी? हे सगळं सुचायला किती वेळ लागला असेल? डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, तेवढाच.

"स्टोअरकीपर," मी म्हणाले.

त्यांनी तेच लिहिलं.

बाहेर आल्यावर अण्णानं विचारलं, "काय म्हणाले गं?"

"बिडी."

"सरी, बरोबरच आहे," तो म्हणाला. "म्हणजे माझं मीच केलं."

साहेबांनी मला काही पढवलं नव्हतं. कुणीच नव्हतं. बिडीनंही त्याचं नुकसान केलंच होतं, पण मी खोटं बोलले ते त्यामुळे नाही. अण्णाच्या जागी पत्रे कापायला दुसरा माणूस घेतला. त्याच्या नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं. हेडक्लार्कही झाले.

घरात वैनी रोज बोलायची, "ओढा, अजून एक ओढा! पोरीचं लग्न बिडीवालाच लावून देईल!" अण्णा मान खाली घालून ऐकायचा. तो तोंडाळ माणूस – एरवी एका शब्दाला दहा दिले असते.

शेवटच्या आठवड्यात त्यानं वैनीचा हात धरला आणि माफी मागितली. माझ्या व्यसनापायी तुला उघडी टाकून चाललो, म्हणाला. वैनी रडायला लागली, तिनं माफ केलं.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. चादर सारखी केली.