चंद्रावरची कच

खेळणी जमवायचा नाद लागला तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. खेळणी म्हणजे लहान मुलांची नव्हेत. सांधे वळणाऱ्या, वीतभर उंचीच्या, हुबेहूब माणसासारख्या आकृत्या. आम्ही हौशी मंडळी त्यांना फिगर म्हणतो. वाळूजच्या कारखान्यात माझं काम सुट्या भागांवरचे ओरखडे हुडकायचं. दिवसभर भिंगाखाली खोट शोधली की डोळ्यांना तीच सवय लागते, घरी आल्यावरही नजर कुठं ठरत नाही. फिगरचे फोटो काढताना तेवढा वेळ जीव एका जागी बसायचा. फोटो निघाला की पुन्हा सुरू. पाय वाकडा आहे, सावली खोटी वाटते, हा तर प्लास्टिकचाच दिसतो.

मागच्या हिवाळ्यात शहरातल्या हौशी फोटोग्राफरांनी मिळून प्रदर्शन ठरवलं आणि मला एक भिंत दिली. माझ्याकडं एक अंतराळवीर होता. सगळे फोटो त्याचेच, चंद्रावरचे, असं मी ठरवून टाकलं. चंद्रासाठी वेरूळच्या रस्त्यावरच्या एका बंद खडी क्रशरवरनं पोतंभर कच आणली. खडी फुटताना जी राखाडी पूड खाली पडते, ती कच. छावणीतल्या आमच्या घरात, मधल्या खोलीच्या खिडकीशी टेबल मांडलं, चहाच्या गाळणीतून कच चाळली आणि अंतराळवीराच्या पायाशी पुठ्ठ्यानं वारा घातला. उन्हात धूळ अशी काही तरंगली, की मी पुन्हा पुन्हा उडवत राहिलो.

पलीकडच्या खोलीतून खोकत दादा बाहेर आले. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची उभी हयात क्रशरवर गेली, आणि छातीचा दम तिथलाच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या वेळी मला फक्त धूळ कशी दिसते तेवढंच दिसत होतं.

त्यांनी टेबलावरची चिमूट बोटांत चोळली.

"ही कच हाय."

मी व्हय म्हणालो.

"मी रोज हापशावर अंग धुतल्याबिगर उंबरा ओलांडला नाय. तू पोत्यानं घरात आणलीस."

आवाज चढवला नाही. अंगणात जाऊन बसले. बायकोनं ओल्या फडक्यानं तीनदा फरशी पुसली, मी पोतं बाहेर नेऊन ठेवलं. पुढचे काही दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही, पण चैनही पडेना. जेवताना उठून खिडकीपाशी जायचो, ऊन कुठवर आलंय ते बघायचो. स्वतःची लाज वाटायची आणि त्याच वेळी धुळीचा तो पडदा डोळ्यांपुढून हलायचा नाही.

रविवारी सकाळी दादांनीच विचारलं, ते प्रदर्शन कधी आहे. मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, "उडवायचीच असंल तर त्या क्रशरमागच्या खाणीत उडव. वारा कुठनं येतो ते मी दावतो."

मी छातीचं कारण काढून नको नको म्हणालो. तोवर त्यांनी तोंडाला पंचा बांधलाही होता.

मोटारसायकलवर मागं बसवून त्यांना नेलं. खाणीत ते माझ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला दगडावर बसले आणि काठीनं जागा दाखवू लागले. सकाळी दवानं कच जड असते, ऊन तापलं की उडते, म्हणून दहापर्यंत मला थांबवून ठेवलं. मी पोटावर पडून कॅमेऱ्यातून बघत होतो. त्यांनी विचारलं, बाहुला चालतोय का पळतोय? चालतोय म्हटल्यावर म्हणाले, मग कच गुडघ्याच्या वर उडायला नको. इतक्या वर्षांत माझ्या फोटोंबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

प्रिंट क्रांती चौकातल्या एका दुकानात टाकले. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं तेव्हा घ्यायला गेलो, तर चित्रांतली धूळच गायब. आकाश कोरं काळं, आणि लख्ख पुसलेला अंतराळवीर. दुकानदार मोठ्या कौतुकानं म्हणाला, "सर, लई कचरा होता. एकेक ठिपका हातानं साफ केला." भल्या माणसानं सगळी दुपार त्यात घालवली होती. कचरा नव्हता, तेच तर चित्र होतं, हे त्याला सांगताना मला घरची फरशी आठवत होती.

मूळ फायली पुन्हा दिल्या. कागदावर धूळ संगणकाच्या पडद्यावरच्यासारखी उठेना, काळ्यात विरून जायची. लहान लहान पट्ट्या छापून त्या आम्ही दारात उन्हाला धरून बघत होतो. सातव्या की आठव्या पट्टीला तोच दुकानदार म्हणाला, "आता नाकात गेल्यासारखी वाटतीय." तीच ठेवली.

प्रदर्शनात मी एका जागी उभा राहू शकलो नाही. चौकटी सरळ करायचो, बाहेर जायचो, पुन्हा आत यायचो. लोक "खरंच खेळणं आहे का?" विचारत होते, त्याचा आनंद व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दादा आले, क्रशरवरच्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन. तिघंही सगळ्यात मोठ्या प्रिंटसमोर थांबले. एकानं लगेच ओळखलं, ही खालच्या कपारीची बाजू. दुसरा बराच वेळ बघत होता.

"ह्यानं तोंड झाकून घेतलंय. शाना हाय."

"आपल्याला कुठं कुणी सांगितलं?" पहिला म्हणाला.

सोबती पुढच्या भिंतीकडं गेल्यावर दादांनी मला जवळ बोलावलं.

"ह्याचा टोप निघतो का?"

"निघतो. आत तोंड आहे."

"मग एक बिनटोपाचा काढ."

काढून बघतोय. चार-पाच रविवार खाणीत गेले. आतलं तोंड कोवळं, गुळगुळीत, किंचित हसरं. त्याच्यावर कच टाकली की पावडर लावल्यासारखी दिसते, आणि ओल्या बोटानं चिकटवली तर गाळ. पापण्यांवर कशी बसते, कानाच्या पाळीमागं किती राहते, हे दादांना विचारायला हवं. ते सांगतील. मीच अजून विचारलेलं नाही.